ऑफिस, हॉस्पिटल आणि चौकातली कला: मधल्या माणसाचा धंदा कसा उभा करायचा?

व्हिडिओमध्ये आपण या धंद्याची तोंडओळख करून घेतली. वेळेअभावी हिशोब आणि करार हे दोन भाग तिथे घाईत झाले, आणि नेमके तेच दोन भाग या धंद्यात तुम्हाला तारतात किंवा बुडवतात. म्हणून हा लेख सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन वाचा.

आधी धंदा नेमका काय ते बघू. नवीन हॉस्पिटल उभं राहतं. डॉक्टरांना रिसेप्शनच्या मागे छान चित्र हवंय, पण कुठला चित्रकार, किती पैसे, भिंतीला ओल आली तर काय, फ्रेम कोण करणार, लावणार कोण, हे त्यांना माहीत नाही. दुसरीकडे एखादा चांगला चित्रकार आहे. त्याला काम हवंय, पण कोटेशन लिहिणं, कंपनीच्या अकाउंट्स विभागाच्या मागे लागणं, सुतार आणि इलेक्ट्रिशियन सांभाळणं त्याला जमत नाही, आणि ते त्याने का करावं? या दोघांच्या मध्ये जो माणूस उभा राहतो, तो म्हणजे तुम्ही. इंग्रजीत याला आर्ट कन्सल्टंट म्हणतात. आपण त्याला कलाकामाचा कंत्राटदार म्हटलं तरी चालेल.

तुम्हाला स्वतः चित्र काढता यायलाच हवं असं नाही. नजर हवी, हिशोब हवा आणि दोन्ही बाजूंना दिलेला शब्द पाळायची सवय हवी.

ही कल्पना नवीन नाही

काही जण म्हणतील, "सर, आपल्याकडे चित्रासाठी कोण पैसे देतं?" देतात, आणि फार पूर्वीपासून देतात.

मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. डॉ. होमी भाभांनी ती उभारताना बजेटचा सुमारे १ टक्का कलेसाठी वापरायचा, असं धोरण ठेवलं. १९६२ साली प्रवेशदालनातल्या मोठ्या भिंतीसाठी निवडक चित्रकारांकडून आधी स्केचेस मागवली, त्यातून एम. एफ. हुसेन यांचं स्केच निवडलं, आणि मग सुमारे ४५ फूट लांबीचं चित्र तयार झालं. क्रम लक्षात घ्या. आधी पैसे बाजूला काढले, मग जागा ठरवली, मग स्केचेस मागवली, आणि शेवटी ऑर्डर दिली. आजही काम याच क्रमाने करायचं असतं.

एअर इंडियाने १९५० च्या दशकात आपल्या ऑफिसांसाठी चित्रं घ्यायला सुरुवात केली. सुरुवातीच्या खरेदीत बी. प्रभा यांची चित्रं होती. हा संग्रह वाढत वाढत हजारो वस्तूंपर्यंत गेला आणि २०२३ मध्ये तो केंद्रीय संस्कृती मंत्रालयाकडे देण्याचा करार झाला. मुंबई विमानतळाचं टर्मिनल २ हे २०१४ मध्ये सुरू झालं. तिथला 'जय हे' हा कलाप्रकल्प राजीव सेठी यांनी आखला. देशभरातले कारागीर आणि कलाकार त्यात होते. एवढ्या लोकांकडून वेळेत काम करून घेणं, ते आणणं आणि बसवणं हे स्वतंत्र व्यवस्थापनाचंच काम आहे.

आपण अर्थातच विमानतळापासून सुरुवात करणार नाही. आपण सुरुवात करणार डॉक्टरांच्या भिंतीपासून.

तुमचा ग्राहक कोण?

जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा मोठ्या तालुक्यात राहत असाल, तर हे ग्राहक शोधा:

१. नवीन बांधलेली किंवा नूतनीकरण चालू असलेली हॉस्पिटलं आणि दवाखाने.
२. हॉटेलं, रिसॉर्ट, कृषी पर्यटन केंद्रं. यांना आपल्या भागाची ओळख भिंतीवर हवी असते.
३. सहकारी बँका, पतसंस्था, साखर कारखान्यांची ऑफिसं. इथे संस्थापकांचं व्यक्तिचित्र, अर्धपुतळा, संस्थेच्या प्रवासाचं भित्तिचित्र अशी कामं निघतात. रौप्यमहोत्सव किंवा सुवर्णमहोत्सव जवळ आलेली संस्था म्हणजे हमखास चौकशी.
४. शाळा, कॉलेजं, ग्रंथालयं.
५. एमआयडीसीतले कारखाने आणि शहरातली आयटी ऑफिसं.
६. बिल्डर. सॅम्पल फ्लॅट, सोसायटीची लॉबी, क्लबहाउस.

यातल्या बहुतेकांपर्यंत सरळ जाण्यापेक्षा आर्किटेक्ट आणि इंटिरिअर डिझायनर यांच्यामार्फत जाणं सोपं पडतं. भिंत रिकामी राहणार आहे हे त्यांना सहा महिने आधी माहीत असतं. गावातल्या दहा आर्किटेक्टना भेटा. त्यांना एकच गोष्ट पटवा: "चित्राची डोकेदुखी तुमची नाही, माझी."

काम कसं चालतं? सात पायऱ्या

पहिली, जागा पाहणं. फोटोवर विसंबू नका, प्रत्यक्ष जा. भिंतीचं माप घ्या. ओल आहे का, पोपडे निघतायत का, ऊन कुठून येतं, एसीचं पाणी गळतं का, भिंत विटांची आहे की जिप्समची, सगळं लिहून काढा. ओली भिंत असेल तर आधी वॉटरप्रूफिंग, मग चित्र. हे ग्राहकाला लेखी कळवा. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात रंग सुटला की फोन तुम्हाला येणार.

दुसरी, ब्रीफ. "काहीतरी छान पाहिजे" हा ब्रीफ नाही. ग्राहकाला विचारा: ही जागा कोण बघणार? किती वेळ बघणार? काय अजिबात नको? बजेट किती? तारीख कुठली? हॉस्पिटलच्या वेटिंगमध्ये माणूस तासभर काळजीत बसलेला असतो, बँकेत तो दहा मिनिटं रांगेत असतो. दोन्हीकडे एकच चित्र चालणार नाही. उत्तरं एका पानावर टाइप करा आणि ग्राहकाची सही घ्या.

तिसरी, कलाकारांची निवड. दोन-तीन कलाकारांची आधीची कामं ग्राहकाला दाखवा. दहा जणांची दाखवली तर तो गोंधळतो. कलाकार कुठे भेटतात? मुंबईचं जे. जे., पुण्याचं अभिनव, कोल्हापूरचं कलानिकेतन, गोव्याचं कला महाविद्यालय अशा ठिकाणची विद्यार्थ्यांची वार्षिक प्रदर्शनं चुकवू नका. गावातला शाळेचा चित्रकला शिक्षकसुद्धा कधी कधी मोठ्या ताकदीचा चित्रकार असतो.

चौथी, स्केच, आणि तेही पैसे देऊन. ग्राहक म्हणतो, "आधी फुकट स्केच दाखवा, आवडलं तर ऑर्डर देतो." इथे ठाम राहा. स्केच म्हणजे कलाकाराचं निम्मं डोकं खर्च झालेलं असतं. स्केचची छोटी रक्कम ठरवा, ऑर्डर मिळाली तर ती एकूण रकमेत वळती करा. आणि दोन दुरुस्त्या मोफत, तिसरीपासून पैसे, हेही लिहून ठेवा.

पाचवी, प्रत्यक्ष काम. कलाकाराच्या स्टुडिओत काम चालू असताना ठरलेल्या टप्प्यांवर फोटो मागवा आणि ग्राहकाला पाठवा. भिंतीवरच काम असेल तर परांची कोण बांधणार, सेफ्टी बेल्ट, पाणी, वीज, रात्रीची चावी कुणाकडे, हे आधी ठरवा. उंचीवर काम करणाऱ्या माणसांचा विमा काढल्याशिवाय परांचीवर कुणालाही चढवू नका.

सहावी, वाहतूक आणि बसवणं. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर येईल असं टांगतात, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेला ते सरळ येतं. जड फ्रेमला साधा खिळा नको, अँकर फास्टनर हवा. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये स्ट्रेचर फिरतात, त्यामुळे काचेऐवजी अ‍ॅक्रेलिक शीट बरी.

सातवी, हस्तांतर. प्रत्येक कामाखाली कलाकाराच्या नावाची पाटी. ग्राहकाला एक फाइल: चित्राचा फोटो, माप, माध्यम, कलाकार, तारीख, स्वच्छ कसं करायचं याच्या सूचना. काम मिळाल्याची सही घेऊनच बाहेर पडा. तुमचा शेवटचा हप्ता या सहीवर अवलंबून असतो.

आता हिशोब

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या भागातले दर तुम्ही काढायचे. समजा ४० खाटांचं हॉस्पिटल आहे. रिसेप्शनमागे १२ बाय ८ फुटांचं भित्तिचित्र, आणि पॅसेज व खोल्यांसाठी फ्रेम केलेली २० छोटी मूळ चित्रं. जीएसटी सोडून एकूण ऑर्डर ५,००,००० रुपयांची.

- भित्तिचित्राचे कलाकाराला: १,२०,०००
- २० चित्रांचे कलाकारांना, प्रत्येकी ६,००० प्रमाणे: १,२०,०००
- फ्रेमिंग, प्रत्येकी २,५०० प्रमाणे: ५०,०००
- भिंतीची तयारी, प्रायमर, परांची: २०,०००
- पॅकिंग, वाहतूक, विमा: २०,०००
- बसवणारे कामगार, हार्डवेअर, नावाच्या पाट्या: २०,०००
- प्रवास, फोटो, प्रिंट: १५,०००
- अचानक खर्चासाठी राखीव: २५,०००

खर्चाची बेरीज ३,९०,०००. तुमची फी १,१०,०००, म्हणजे ऑर्डरच्या २२ टक्के. काम साधारण ११ आठवडे चालेल, म्हणजे आठवड्याला १०,०००. एका वेळी असं एकच काम असेल तर घर चालेल, बचत होणार नाही. दोन-तीन कामं वेगवेगळ्या टप्प्यांवर चालू असतील तर धंदा उभा राहतो.

आता खरी गोष्ट. ग्राहक म्हणाला, "काम पूर्ण झालं की ६० दिवसांत सगळं पेमेंट", आणि तुम्ही उत्साहाच्या भरात हो म्हणालात, तर ३,९०,००० रुपये तुमच्या खिशातून आधी जाणार. नसतील तर तुम्ही कलाकारांना थांबवणार. आणि ज्या कलाकाराचे पैसे तुम्ही एकदा थकवले, तो पुन्हा तुमच्याबरोबर काम करत नाही, शिवाय बाकीच्या दहा जणांना सांगतो. कलाकारांचं जग लहान आहे.

म्हणून हप्ते असे ठेवा: ऑर्डरबरोबर ४० टक्के, स्केच मंजूर झाल्यावर आणि मुख्य काम सुरू होण्याआधी ४० टक्के, बसवून झाल्यावर २० टक्के. आपल्या उदाहरणात पहिले दोन हप्ते मिळून ४,००,००० येतात आणि खर्च ३,९०,००० आहे. शेवटचा हप्ता १,००,००० चा, तो तुमच्या फीपेक्षा कमी.

हा नियम पाठ करा: शेवटचा हप्ता कधीही तुमच्या फीपेक्षा मोठा ठेवायचा नाही. म्हणजे ग्राहकाने शेवटी पैसे अडकवले तरी तुमची फी अडकेल, कलाकाराची मजुरी नाही. तुम्ही उद्या पुन्हा त्याच कलाकाराच्या दारात ताठ मानेने जाऊ शकता.

यात एक खाचखळगा आहे, तो म्हणजे टीडीएस. कंपनी किंवा मोठं हॉस्पिटल पेमेंट करताना टीडीएस कापतं. कंत्राट म्हणून धरलं तर साधारण १ किंवा २ टक्के, व्यावसायिक फी म्हणून धरलं तर १० टक्के. १० टक्के कापले तर पहिल्या दोन हप्त्यांत हातात ३,६०,००० च येतील आणि ३०,००० कमी पडतील. हे पैसे बुडत नाहीत, रिटर्न भरताना त्यांचं क्रेडिट मिळतं. पण तेवढे महिने ते हातात नसतात. म्हणून या आकाराचं काम घेण्यापूर्वी किमान ५०,००० रुपये खेळतं भांडवल बाजूला हवं. बिल दोन भागांत करायचं की एकच, टीडीएस कुठल्या प्रकारात बसेल, हे ऑर्डर घेण्याआधी सीएला विचारा.

जीएसटीबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते. लक्षात घ्या, उलाढाल म्हणजे तुमची फी नाही, तुम्ही केलेलं पूर्ण बिल. आपल्यासारखी पाच-पाच लाखांची चार कामं झाली की तुम्ही त्या रेषेवर पोहोचलात. आणि जीएसटी म्हणून खात्यात आलेले पैसे आपले नाहीत. ते वेगळ्या खात्यात ठेवा.

सुरुवातीला भांडवल नसेल तर दुसरी पद्धत वापरा. ग्राहकाने कलाकाराला आणि फ्रेमवाल्याला थेट पैसे द्यायचे, तुम्ही फक्त व्यवस्थापनाची फी घ्यायची. नफा थोडा कमी, पण जोखीमही कमी. मात्र एक पथ्य पाळा. ग्राहकाकडून फी घेताय, तर कलाकाराकडून गुपचूप कमिशन घेऊ नका. घ्यायचंच असेल तर दोघांनाही सांगून घ्या. ही गोष्ट आज ना उद्या बाहेर येतेच.

पैसे थकले तर?

उद्यम नोंदणी करून घ्या. ती ऑनलाइन आणि मोफत होते. एमएसएमई कायदा, २००६ नुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं पेमेंट लेखी करार असेल तर त्यातल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. करारच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय अशी थकबाकी वर्षअखेर राहिली तर मोठ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षीच्या करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. त्यामुळे हल्ली कंपन्यांचे अकाउंट्सवाले स्वतःहून विचारतात, "तुमची उद्यम नोंदणी आहे का?"

पण नोंदणी करताना व्यवसायाचा प्रकार नीट निवडा. फक्त 'ट्रेडिंग' म्हणून नोंदणी केली तर उशिराच्या पेमेंटचं हे संरक्षण मिळत नाही. तुमचं काम व्यवस्थापनाचं, म्हणजे सेवा आहे. आणि बिलावर उद्यम नंबर छापायला विसरू नका.

करार: चित्र विकलं म्हणजे सगळं विकलं का?

नाही. इथे बरेच जण फसतात. तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत.

पहिली, वस्तू. कॅनव्हास ग्राहकाचा झाला.

दुसरी, कॉपीराइट. म्हणजे त्या चित्राचं कॅलेंडर, डायरी, जाहिरात, टी-शर्ट छापण्याचा हक्क. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणी पैसे देऊन सांगून चित्र काढून घेतलं, तर वेगळा करार नसल्यास पहिला कॉपीराइट सांगणाऱ्याकडे जातो. त्या यादीत शिल्पाचा उल्लेख नाही. म्हणजे एकाच लॉबीतल्या भित्तिचित्राचा नियम एक आणि शेजारच्या शिल्पाचा दुसरा! त्यात ऑर्डर तुम्ही तुमच्या नावाने दिली असेल तर 'सांगणारा' कोण, तुम्ही की हॉस्पिटल, हा आणखी एक घोळ. त्यामुळे कायद्यावर सोडू नका, करारात एक ओळ लिहा. उदाहरणार्थ: कॉपीराइट कलाकाराकडे राहील, ग्राहक या चित्राचा फोटो आपल्या वेबसाइटवर आणि माहितीपत्रकात वापरू शकेल, विक्रीच्या वस्तूंवर छापायचं असेल तर वेगळं मानधन. आणि हक्क कुणाला लिहून देत असाल तर मुदत लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षं धरतो.

तिसरी, कलाकाराचा नैतिक हक्क, कलम ५७. चित्र विकल्यावर, कॉपीराइट दिल्यावरसुद्धा हा हक्क कलाकाराकडे राहतो. त्याचं नाव राहिलं पाहिजे, आणि त्याच्या कामाची मोडतोड करून त्याच्या नावाला धक्का लावता येत नाही.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण दिल्लीचं. शिल्पकार अमरनाथ सहगल यांना १९५७ साली विज्ञान भवनासाठी भव्य ब्राँझ भित्तिशिल्पाचं काम मिळालं. ते १९६२ मध्ये पूर्ण झालं. १९७९ मध्ये दुरुस्तीच्या वेळी त्यांना न कळवता ते काढलं आणि गोदामात टाकलं. बरेच भाग खराब झाले, हरवले. १९९२ मध्ये सहगल कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेलं शिल्प त्यांना परत द्यायला सांगितलं, आणि वर ५ लाख रुपये भरपाई. शिल्पाचे पैसे सरकारने दिले होते, ते सरकारच्या मालकीचं होतं. तरीही!

म्हणून प्रत्येक करारात एक कलम घाला: भिंत पाडायची किंवा काम काढायचं असेल, तर कलाकाराला ६० दिवस आधी लेखी कळवायचं, आणि शक्य असेल तर ते काढून नेण्याची संधी द्यायची. बिल्डर हसतील. तुम्ही त्यांना सहगलांची केस सांगा.

सार्वजनिक जागा: इथे घाई नको

चौक, पूल, स्टेशन, नगरपालिकेची भिंत ही कामं दिसायला मोठी असतात आणि नाव होतं. २०१८ मध्ये रेल्वेच्या स्थानक सुशोभीकरण स्पर्धेत बल्लारशाह आणि चंद्रपूर या आपल्या स्थानकांना पहिलं बक्षीस मिळालं. ताडोबाचे वाघ आणि जंगल भिंतींवर आलं होतं. स्थानिक विषय किती चालतो ते यावरून कळतं.

पण परवानगीशिवाय ब्रश लावायचा नाही. भिंत कुणाची, हे आधी शोधा: पालिका, पीडब्ल्यूडी, रेल्वे, की खासगी? मालकाच्या परवानगीशिवाय रंगवलं तर मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्धच्या १९९५ च्या राज्य कायद्यात तुम्ही अडकू शकता, चित्र कितीही सुंदर असो.

आणि पुतळ्याचं काम असेल तर दहा वेळा विचार करा. मालवणला राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला छत्रपती शिवाजी महाराजांचा सुमारे ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. नंतरच्या तपासणीत गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग अशी कारणं पुढे आली. कला संचालनालयाने मान्यता दिली होती ती लहान मातीच्या मॉडेलला, असंही तेव्हा सांगण्यात आलं. लोकांच्या मनाला झालेली जखम तर वेगळीच.

यातून आपल्यासारख्याने काय घ्यायचं? मॉडेल छान दिसलं म्हणजे मोठं काम उभं राहील असं नाही. माणसाच्या उंचीपेक्षा मोठ्या कुठल्याही शिल्पासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही हवी, आणि त्याची फी कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत हवी. समुद्रकिनारी खारी हवा धरून धातू निवडायचा. देखभाल कोण करणार हे अनावरणाआधी ठरवायचं. आणि निवडणूक किंवा समारंभाची तारीख गाठण्यासाठी हे सगळं गुंडाळा असं कुणी म्हणत असेल, तर ते काम सोडा. ऑर्डर हातची गेल्याचं नुकसान परवडतं.

लोककला घेताना

वारली, चित्रकथी, गंजिफा यांना हॉटेल आणि ऑफिसांत मोठी मागणी आहे. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि डहाणू भागातल्या जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली होती. तरीही बरेच जण इंटरनेटवरून आकृत्या उतरवून शहरातल्या पेंटरकडून 'वारली' रंगवून घेतात. तसं करू नका. डहाणू, जव्हार, तलासरी भागात जा, तिथल्या कलाकाराला काम द्या, त्याचा राहण्या-जेवणाचा आणि प्रवासाचा खर्च वेगळा धरा, पाटीवर त्याचं आणि त्याच्या पाड्याचं नाव लिहा. ग्राहकालाही ते सांगा. खरं काम आणि नक्कल यांतला फरक समजावला की बहुतेक ग्राहक थोडे जास्त पैसे द्यायला तयार होतात, कारण मग त्यांच्याकडे पाहुण्यांना सांगायला गोष्ट असते.

काम संपल्यावरची कमाई

बहुतेक जण चित्र लावून निघून येतात. खरं तर नियमित उत्पन्न इथून सुरू होतं. ज्या संस्थांकडे तीस-चाळीस वर्षांची चित्रं आणि पुतळे आहेत, त्यांच्याकडे बहुतेक वेळा यादीच नसते. २०१७ मध्ये एअर इंडियाच्या संग्रहातलं जतीन दास यांचं एक चित्र बाहेर विक्रीला फिरत असल्याचं समोर आलं आणि चौकशी लागली. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर आपल्या पतसंस्थेची काय असेल?

तुम्ही तीन सेवा देऊ शकता: एक, सगळ्या कलावस्तूंची फोटोसह नोंदवही करून देणं. दोन, वर्षातून दोनदा तपासणी. पावसाळ्याआधी आणि दिवाळीआधी धूळ, बुरशी, सैल झालेले हुक, फिकट रंग बघायचे. तीन, चित्रं भाड्याने देणं. दर सहा महिन्यांनी ऑफिसातली चित्रं बदलायची आणि भाड्यातला ठरलेला वाटा कलाकाराला द्यायचा. चित्र खराब झालं तर भरपाई कोण देणार, हे तिसऱ्या प्रकारात आधी लिहून घ्या.

जुनं चित्र साफ करायला मात्र स्वतः ओलं फडकं घेऊन बसू नका. ते प्रशिक्षित संवर्धकाचं काम आहे. तुम्ही फक्त योग्य माणूस बोलवायचा.

पुढच्या ६० दिवसांत काय कराल?

१. पहिले १५ दिवस: १५ कलाकारांना भेटा. प्रत्येकाची पाच कामं, माप, दर आणि किती दिवस लागतात हे वहीत लिहा.
२. पुढचे १५ दिवस: दोन फ्रेमवाले, एक परांचीवाला, एक टेम्पोवाला, एक विमा एजंट यांचे दर लेखी घ्या.
३. त्याच काळात: उद्यम नोंदणी, चालू खाते, सीएची एक भेट. वकिलाकडून दोन करारांचे मसुदे, एक ग्राहकासाठी आणि एक कलाकारासाठी. दोन्हींतले हप्ते आणि तारखा एकमेकांशी जुळल्या पाहिजेत.
४. शेवटचे ३० दिवस: १० आर्किटेक्ट, १० डॉक्टर, ५ संस्था. प्रत्येकाकडून एकच उत्तर हवंय: पुढच्या वर्षभरात कुठे बांधकाम किंवा रंगकाम निघणार आहे?

पहिलं काम छोटं घ्या. एखाद्या दवाखान्याची पाच चित्रं चालतील, पण सातही पायऱ्या पूर्ण करा, कागद पूर्ण करा, कलाकाराचे पैसे ठरलेल्या दिवशी द्या. त्या पाच चित्रांचे चांगले फोटो आणि डॉक्टरांचं दोन ओळींचं पत्र हातात असलं की दुसऱ्या ग्राहकाकडे जाताना दाखवायला काहीतरी असतं.

तुमच्या गावातली एक रिकामी भिंत आजच बघून ठेवा, तिचं माप घ्या आणि वर दिल्याप्रमाणे त्याच भिंतीचं एक कोटेशन स्वतःसाठी बनवा. राखीव रक्कम आणि टीडीएस धरायला विसरू नका. सराव झाला की खऱ्या ग्राहकासमोर हात थरथरत नाही. भेटू पुढच्या व्हिडिओत!